गावातला फर-खरेदीदार गेला आणि सापळे खुंटीवरच राहिले

वणीकर

आमच्या गावात गॅस स्टेशनच्या मागे फर, म्हणजे प्राण्यांची केसाळ कातडी, विकत घेणाऱ्याची एक पत्र्याची शेड आहे. नोव्हेंबरात ओढ्याच्या कडेला पातळ बर्फ धरायला लागला की तिच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी लागायची, ‘खरेदी चालू’. 2016 च्या हिवाळ्यापासून ती पाटी लागलेली नाही. पण दारापाशी उभं राहिलं की मिंक नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याचा तो उग्र वास अजून येतो.

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, मिसिसिपीपासून अर्ध्या तासावर राहतो. चीजच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी. सापळा मी कधी लावलेला नाही आणि मांसही खात नाही, हे आधीच सांगतो. पण शेजारचे म्हातारबा जन्मभर सापळे लावत आले. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात, 2012 साली, गाडी चालवायला मी गेलो आणि नंतर जातच राहिलो.

शेडमधलं ते पहिलं दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही. लांब टेबल, वर एकच ट्यूबलाइट, कोपऱ्यात तेलाची शेगडी. म्हातारबांनी मस्करॅटची कातडी टेबलावर ओतली. मस्करॅट म्हणजे पाणथळीत राहणारा, आपल्या घुशीपेक्षा थोडा मोठा, दाट तपकिरी केसांचा प्राणी. त्याचं कातडं मोज्यासारखं उलटं काढतात आणि तारेच्या चौकटीवर ताणून वाळवतात, त्यामुळे केस आत आणि चामडं बाहेर असतं. खरेदीदार एकेक कातडं उचलायचा, झटकायचा, चामड्यावरून अंगठा फिरवायचा. ऐन थंडीत तयार झालेलं कातडं आतून दुधी पांढरं दिसतं, लवकर धरलेल्यावर काळपट निळे डाग असतात. मग आत दोन बोटं घालून केसांचा दाटपणा बघायचा, टेबलावर कोरलेल्या रेघांवर ठेवून लांबी मोजायची आणि गठ्ठ्यात टाकायचं. एका कातड्याला पाच-सहा सेकंद. कुठे पोटाशी सुरी लागलेली असेल तर तेवढं बाजूला काढून म्हातारबांना दाखवायचा. तेही मान हलवायचे. वाद नाही. शेवटी खिशातून नोटांची गुंडाळी निघायची.

मला आमच्या वणीच्या मार्केटातला कापसाचा ग्रेडर आठवला. बाबा गाडीजवळ उभे, ग्रेडर बोंडातला कापूस चिमटीत धरून धागा ओढून बघतोय, आणि बाबांचा श्वास अडकलेला. फरक एवढाच की तिथे बाबा घाबरलेले असायचे आणि इथे म्हातारबा त्या माणसाला चाळीस वर्षं ओळखत होते.

त्या हंगामात भाव फार चढे होते. 2013 च्या मोठ्या लिलावांत मस्करॅटची सरासरी 10 डॉलरच्या वर गेली होती, कारण चीनमधून मागणी होती. मग 2014 मध्ये रशियाचा रूबल कोसळला, चीनची खरेदी मंदावली आणि दोन-तीन वर्षांत तेच कातडं दोन-तीन डॉलरांवर आलं. रॅकूनला, म्हणजे डोळ्यांभोवती काळे पट्टे असलेल्या त्या केसाळ प्राण्याला, तर कोणी विचारेना. आमचा खरेदीदार तेव्हा सत्तरी ओलांडलेला. शेडमध्ये न विकलेला माल पडून, गुडघे गेलेले. त्याने पाटी काढली. मुलगा ट्रक चालवतो, त्याला यात रस नव्हता.

आता मुद्दा. भाव पडले की सापळे कमी होतात, हे कोणीही सांगेल. ते खरंच आहे, पण भाव या धंद्यात नेहमीच चढत-उतरत आले. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आकाशाला भिडले होते, 1987 च्या शेअर बाजाराच्या पडझडीनंतर आपटले, पुन्हा वर आले. दर वेळी भाव सुधारला की पोरं पुन्हा ओढ्यावर जायची, कारण गावात शेड उघडी असायची. या वेळी शेडच गेली. उद्या भाव दुप्पट झाला तरी माझ्या शेजारच्या पोराने बारा कातडी न्यायची कुठे?

लिलावाला पाठवता येतात, पण त्यासाठी आधी ती नीट सोलून, चरबी खरवडून, वाळवून तयार करावी लागतात. तिथे हजारो लोकांचा माल प्रतीप्रमाणे एकत्र करून मोठमोठे लॉट लावतात, म्हणजे तुमची बारा कातडी पाच-सहा वेगवेगळ्या लॉटांत जातात. वाहतूक कापली, कमिशन कापलं आणि काही महिन्यांनी चेक आला. ज्याच्याकडे तीनशे कातडी आहेत त्याला हे जमतं. बारावाल्याला जमत नाही. आणि प्रत्येक तीनशेवाला कधीतरी बारावालाच असतो.

म्हातारबांचा नातू चौदा वर्षांचा आहे. राज्याचा ट्रॅपर-शिक्षणाचा, म्हणजे सापळे लावणाऱ्यांसाठीचा, वर्ग त्याने पूर्ण केला, लायसन्स काढलं. गेल्या हिवाळ्यात त्याने धरलेली मस्करॅट अजून फ्रीजरमध्ये आहेत. हे लिहायला बसलो ते त्या फ्रीजरमुळे.

डोंबिवलीची चिमणी

तुमचं लिखाण मनापासून आहे, म्हणून मीही मनापासून लिहिते. मला हे वाचताना वाईट वाटलं, पण शेडसाठी नाही. लोखंडी सापळ्यात पाय अडकून रात्रभर पडलेला प्राणी डोळ्यांसमोर आला. जग बदललंय. इस्रायलने 2021 मध्ये फॅशनसाठी फर विकायला बंदी केली, कॅलिफोर्नियात 2023 पासून नवीन फर विकता येत नाही, आपल्याकडे 2017 पासून मिंक, कोल्हा, चिंचिला यांच्या कातड्यांची आयात बंद आहे. धंदा संपत असेल तर तो लोकांनी विचार करून संपवलाय. त्या मुलाने दुसरं काहीतरी शिकावं.

वणीकर

चिमणीताई, तुमचं दुःख मला समजतं. मी स्वतः पहिल्या फेरीनंतर दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. सापळ्यांबद्दल मात्र थोडं सांगतो. मस्करॅटला आणि बीव्हरला (ओढ्यावर फांद्यांचे बांध घालणारा, कुरतडणारा प्राणी) जे सापळे जास्त लावतात ते पाय धरणारे नसतात. दोन चौकोनी चौकटींचा तो सापळा मानेवर किंवा छातीवर मिटतो आणि प्राणी लगेच मरावा असाच बनवलेला असतो. फ्रँक कॉनिबेअर नावाच्या कॅनडातल्या ट्रॅपरने तो शोधला, कारण पाय धरणाऱ्या सापळ्यात तडफडणारे प्राणी त्यालाच बघवत नव्हते. 1997 मध्ये युरोपीय संघ, कॅनडा आणि रशिया यांच्यात सापळ्यांच्या मानकांचा करार झाला, त्याप्रमाणे सापळे तपासले जातात. यातून वेदना शून्य होते असं मी म्हणणार नाही.

पण धंदा संपला म्हणून मारणं संपलं, असं मात्र झालेलं नाही. आमच्या रस्त्याखालच्या मोरीत बीव्हरने बांध घातला. पूर्वी टाउनचा, म्हणजे आमच्या इथल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेचा, माणूस म्हातारबांना फोन करायचा. ते हिवाळ्यात धरायचे, कातडं विकलं जायचं, चरबी-मांस कोल्ह्यांच्या आमिषाला. आता टाउन पैसे देऊन माणूस बोलावतं, तोही एप्रिल-मेमध्ये, पाणी रस्त्यावर आल्यावर. तेव्हा कातडं निकामी असतं. तो प्राणी खड्ड्यात पुरतात.

बॅटन रूजवाला

वणीकरांच्या शेवटच्या परिच्छेदाचं सगळ्यात मोठं उदाहरण माझ्या दाराशी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी किनाऱ्याच्या मातीवर काम करणारा इंजिनिअर आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियाना राज्याच्या दलदलीत न्यूट्रिया नावाचा प्राणी आहे. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, 1930 च्या दशकात फरसाठी इकडे आणलेला, पिंजऱ्यांतून सुटलेला. वजनाला मोठ्या बोक्याएवढा, दात केशरी. पाणगवताची पातं खाऊन तो थांबत नाही, मुळं उकरून खातो. मुळं गेली की चिखल धरून ठेवायला काही उरत नाही, भरतीच्या पाण्याबरोबर तो वाहून जातो आणि जिथे गवत होतं तिथे उघडं पाणी दिसतं. मी होडीतून अशा जागा दाखवू शकतो.

1976-77 च्या हंगामात या राज्यात एका वर्षात 18 लाख न्यूट्रिया धरले गेले. प्रत्येक बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या संथ ओढ्याच्या, तोंडाशी खरेदीदार असायचा, बहुतेक वेळा किराणा दुकानदारच. उन्हाळ्यात कोळंबी, हिवाळ्यात न्यूट्रिया, असं अख्ख्या गावांचं वर्ष चालायचं. ऐंशीच्या दशकात मागणी पडली, खरेदीदार एकेक करून गेले आणि दहा-पंधरा वर्षांत दलदलीवर उघडे चट्टे पडायला लागले. शेवटी 2002 मध्ये सरकारी योजना आली. न्यूट्रिया मारा, शेपटी आणून द्या, पैसे घ्या. सुरुवातीला शेपटीमागे 4 डॉलर, मग 5, 2019 पासून 6. वर्षाला 4 लाखांपर्यंत काढायचं लक्ष्य.

ठरलेल्या जागी लोक शेपट्यांच्या पिशव्या घेऊन येतात. एक माणूस हातमोजे घालून मोजतो, पावती देतो. बाकीचा प्राणी बहुतेक वेळा तिथेच चिखलात टाकलेला असतो. पूर्वी ज्या कातड्याचा कोट व्हायचा ते आता खेकडे खातात, आणि खर्च करदात्याच्या खिशातून जातो. चिमणीताईंना मी एवढंच विचारेन, यातलं कोणतं मरण बरं?

डोंबिवलीची चिमणी

न्यूट्रियाचं मला माहीत नव्हतं. उत्तर माझ्याकडे नाही. पण माणसाने फरच्या हव्यासापायी तो प्राणी तिथे आणला, हेही विसरू नका.

बॅटन रूजवाला

मान्य, शंभर टक्के.

मिनेसोटाचा दादा

आमच्याकडे खरेदीदार फक्त सोललेली कातडी घ्यायचा नाही. ‘गोल’ म्हणजे अख्खा न सोललेला प्राणीही घ्यायचा, हे वणीकरांनी लिहायला हवं होतं. शाळेतली पोरं रात्री कुत्रे घेऊन रॅकूनच्या मागे जायची आणि सकाळी बसच्या आधी दोन-तीन रॅकून त्याच्या दारात टाकायची. पैसे कमी मिळायचे, पण सोलायला यावंच लागतं असं नव्हतं. मग काही पोरं शेडमध्येच थांबायची. तो रॅकून कसा सोलतो, लाकडी कलत्या फळीवर टाकून दोन मुठींच्या सुरीने चरबी कशी ढकलतो, हे बघून बघून शिकायची. रॅकूनला चरबी फार असते, ती राहिली तर कातडं जळाल्यासारखं होऊन केस गळतात. हे पुस्तकातून येत नाही, हाताला यावं लागतं. माझा मेव्हणा असाच शिकला.

त्याशिवाय हरणाची कातडी, बीव्हरच्या कस्तुरीसारख्या ग्रंथी, कुठे रानातलं जिन्सेंग नावाचं औषधी मूळ, सगळं त्याच माणसाकडे जायचं. फर पडलं तरी एखाद्या दुसऱ्या गोष्टीवर वर्ष निघायचं. आता हरणाचं कातडं शिकारी कचऱ्यात टाकतात. मला ते बघवत नाही.

कोयोटचं, म्हणजे लांडग्यासारख्या पण लहान प्राण्याचं, मधेच वेगळं झालं होतं. कॅनडा गूससारख्या कंपन्यांच्या जाकिटांच्या टोपीला कोयोटची झालर लागायची, त्यामुळे पश्चिमेकडच्या फिक्या कोयोटला चांगला भाव असायचा. 2021 मध्ये त्या कंपनीने फर सोडत असल्याचं जाहीर केलं आणि 2022 अखेर बंद केलं. एका कंपनीच्या एका निर्णयावर अख्ख्या पश्चिमेतल्या कोयोटचा भाव उभा होता. असा एकाच खांबावरचा धंदा मला कधीच आवडला नाही.

विनिपेगची मावशी

मी कॅनडातल्या मॅनिटोबाच्या उत्तरेत अकरा वर्षं नर्स होते. तिथली गोष्ट निराळी आहे, म्हणून वेळ काढून लिहिते.

आमच्या वस्तीला रस्ता नव्हता. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून वाट, नाहीतर विमान. अशा ठिकाणी खरेदीदार म्हणजे पूर्वी हडसन्स बे कंपनीचं दुकान. कंपनी 1670 ची. क्री या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या आजी-आजोबांनी शरद ऋतूत त्या दुकानातून पीठ, चहा, काडतुसं उधार घ्यायची आणि वसंतात फर आणून उधारी फेडायची. एकाच काउंटरवर खरेदी आणि विक्री, भाव ठरवणाराही तोच. त्यात अन्याय खूप होता. आमच्या दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्या बायका त्याबद्दल कडवटपणे बोलायच्या. पण त्याच बायका असंही सांगायच्या की फर विकलं जायचं तोवर घर सगळं मिळून रानात जायचं, पोरंसुद्धा. 1987 मध्ये कंपनीने उत्तरेची दुकानं आणि फरचा लिलावाचा धंदा दोन्ही विकून टाकलं. लिलावाच्या त्या धंद्यातून पुढे नॉर्थ अमेरिकन फर ऑक्शन्स झालं, टोरोंटोत. खंडातलं सगळ्यात मोठं लिलावघर. 31 ऑक्टोबर 2019 ला त्यांनी, ज्यांचे पैसे देणं होतं त्यांच्यापासून कोर्टाचं संरक्षण मागितलं आणि तेही संपलं. 2025 च्या 1 जूनला कंपनीची उरलेली शहरातली दुकानंही बंद झाली.

आता जंगली फरचा मोठा लिलाव राहिला तो ओंटारियोतल्या नॉर्थ बेचा, फर हार्वेस्टर्स. 1991 पासून आहे आणि तो ट्रॅपरांच्याच मालकीचा आहे, मूळनिवासी आणि इतर मिळून. त्याचं मला कौतुक आहे. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये सरकार ट्रॅपरला कातडं जमा करतानाच आगाऊ रक्कम देतं, माल लिलावाला पाठवतं आणि जास्त आलं तर वरचे पैसेही देतं. म्हणजे खरेदीदार गेल्यावर त्याची जागा कोणीतरी भरली. आमच्या वस्तीत तसं कोणी आलं नाही. एका घरी मी ओट्याखाली मार्टेन या मिंकसारख्या जंगली प्राण्याची कातडी पाहिली, दोन वर्षांपूर्वीची. त्या गृहस्थांनी मला विचारलं, ‘तू विनिपेगला जातेस, नेशील का?’ मी नेली. विकायला मला तीन आठवडे लागले, आणि मिळाले ते पैसे त्यांच्या स्नोमोबाइलच्या पेट्रोलला जेमतेम पुरले.

चिमणीताई, 1983 मध्ये युरोपने सीलच्या पांढऱ्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. इनुइट, म्हणजे आर्क्टिकचे मूळनिवासी, ती पिल्लं मारतच नव्हते, कायद्यातही त्यांना सूट होती. तरी सगळ्याच सीलच्या कातड्यांचा बाजार बसला आणि आर्क्टिकच्या वस्त्यांची कमाई गेली. शहरात बसून केलेल्या चांगल्या हेतूच्या कायद्याचा मार कुठे बसतो, ते मी जवळून पाहिलंय.

चंद्रपूरचा फिरस्ता

मावशींचं वाचून राहवलं नाही. आपल्याकडचे फासेपारधी. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास करून तितर धरणारे, कुठल्या पाखराची वाट कोणत्या गवतातून आहे हे पायाखालच्या मातीवरून सांगणारे. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा शिक्का सुरू केला, तो 1952 मध्ये पुसला. मग 1972 चा वन्यजीव कायदा आला. तो हवाच होता, मी स्वतः जंगलात काम करतो, त्याबद्दल दुमत नाही. पण फास ज्यांच्या हातातून काढून घेतला त्यांच्या हातात दुसरं काही दिलं गेलं नाही. विकणारा, विकत घेणारा, दोघेही एका रात्रीत गुन्हेगार. आज तांड्यावर जाऊन बघा, म्हाताऱ्यांना पाखरांचे आवाज काढता येतात, नातवंडांना नाही. वणीकरांच्या इकडे कायदा आडवा आला नाही, बाजार गेला. पण नातवाचं तेच.

ओढ्याकाठी

मी माडिसनला जलशास्त्र शिकते. बीव्हरबद्दल एक बाजू राहिली. बीव्हरचे बांध पाणी अडवतात, भूजल वाढवतात, पूर थोपवतात. विस्कॉन्सिनमध्ये ट्राउट माशांच्या ओढ्यांवरचे बीव्हर सरकारी पैशाने काढले जातात, आणि त्यावर आमच्या विषयातल्या लोकांचं एकमत नाही. ट्रॅपर कमी झाले म्हणून बीव्हर वाढत असतील तर काही खोऱ्यांना ते वरदान ठरेल. मोरीपाशी जाळीचं कुंपण आणि पाण्याचा पाइप टाकून बांध उंच होऊ न देताही रस्ता वाचवता येतो. हे आधी करून बघा, मग माणूस बोलवा.

वणीकर

पाइपचं मी टाउनच्या बैठकीत मांडतो, खरंच. आणि तुमचं बरोबर आहे, वरच्या पाणथळीत बीव्हर आहेत तिथे दुष्काळातही पाणी टिकतं. म्हातारबा स्वतः तिथे सापळा लावायचे नाहीत, ‘ते माझं बियाणं आहे’ म्हणायचे. दर वर्षी कोणत्या घरट्यात किती धरायचे आणि कुठे थांबायचं, हे त्यांच्या डोक्यात होतं. खरेदीदारालाही माहीत असायचं. लहान पिल्लांची कातडी जास्त आली तर तो टेबलावरूनच विचारायचा, ‘त्या तळ्यावर फार घेतलंस का?’ आता पैशावर येणाऱ्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्याला तळं रिकामं करायचे पैसे मिळतात.

मिनेसोटाचा दादा

त्या पोराच्या फ्रीजरचं काय झालं? किती दिवस ठेवलीत? फ्रीजरमध्ये हवा लागली तर कातडं सुकून कडक होतं, मग कामाचं राहत नाही. राज्यातल्या ट्रॅपरांच्या संघटना हिवाळ्यात विक्री भरवतात, तिथे न्या. खरेदीदार तीन-चार राज्यांतून येतात. आणि बीव्हर असेल तर टोपीवाल्यांना विचारा, काऊबॉय टोप्यांच्या फेल्टला बीव्हरची लोकर लागते, तिकडे मागणी आहे.

वणीकर

दादा, तुमच्या सांगण्यावरून गेलो. सांगायला उशीर झाला, माफ करा.

आधी म्हातारबांच्या तळघरात दोन रविवार बसलो. मस्करॅट रात्रभर थंड खोलीत विरघळवली, पोराने सोलली, आजोबा खुर्चीत बसून सांगत होते. डोळे आता फारसे काम देत नाहीत, म्हणून ते हाताने बघत होते. पोराने खरवडलेलं कातडं मांडीवर घ्यायचे, अंगठा फिरवायचे, ‘इथे राहिलंय’ म्हणून परत द्यायचे. तीन कातडी फ्रीजरने खराब झाली होती, ती गेली. चौदा उरली.

विक्री एका शाळेच्या जिमखान्यात होती. बास्केटबॉलच्या रेघांवर टेबलं मांडलेली, माणसं ऐंशीएक, निम्म्याहून जास्त साठीच्या पुढची. खरेदीदार तिघे. पोराची चौदा कातडी टेबलावर एवढीशी दिसत होती, बाजूच्या माणसाची दोनशे. दोघांनी हातच लावला नाही. तिसरा म्हातारा, आयोवाहून आलेला, त्याने एकेक उचललं, झटकलं, आत बोटं घातली. आठव्याला थांबला. पोराला जवळ बोलावून शेपटीपाशी चामडं दाखवलं आणि म्हणाला, इथे सुरी उलटी धरलीस, पात्याची बाजू तुझ्याकडे ठेव. मग सरासरी पावणेतीन डॉलर भाव सांगितला आणि नोटा मोजून दिल्या. साडेअडतीस डॉलर.

जाता-येता पाच तास गाडी चालवली. त्याहून जास्त तर पेट्रोलला गेले, ते मी पोराला सांगितलं नाही. परतताना तो बराच वेळ गप्प होता. ला क्रॉसच्या पुलावर आल्यावर म्हणाला, ‘तो माणूस पुढच्या वर्षी येईल का?’

मी त्या म्हाताऱ्याचा फोन नंबर घेऊन ठेवलाय. ऑक्टोबरात फोन करणार आहे. ओढ्याकाठी, पाइपचे माप आणि जाळीचा तपशील असेल तर इथेच टाका, टाउनची बैठक 9 तारखेला आहे.